शेवटच्या रांगेतला हात

आमच्या भागात सूत्रसंचालन करणाऱ्याने पहिलं वाक्य किती वेळा म्हणायचं, हे एकच माणूस ठरवायचा. तो शेवटच्या रांगेच्या मागे, कनातीला पाठ लावून उभा असायचा. चुरगळलेला पांढरा शर्ट, खांद्यावर दोरीचं भेंडोळं, कानावर पेन्सिल. मी माइकसमोर म्हणायचे, "सन्माननीय व्यासपीठ आणि बंधू-भगिनींनो," आणि त्याच्याकडे बघायचे. त्याचा उजवा हात वर गेला की समजायचं, आवाज मागपर्यंत पोचला, आता पुढे बोला. हात वर गेला नाही तर तेच वाक्य पुन्हा, जरा जोरात. व्यासपीठावर मंत्री असो की नवरा-नवरी, या नियमात कुणालाच सूट नव्हती. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी स्वागताचं वाक्य पाच वेळा म्हटलं. पाचव्या वेळी समोरची सगळी मुलं माझ्यासोबत एका सुरात म्हणत होती.

हा माणूस पुढे खासदार झाला. दिल्लीला जाऊन आला आणि परत शेवटच्या रांगेमागे उभा राहिला. आमच्याकडे याचं फारसं कुणाला नवल वाटलं नाही, म्हणून मी लिहायला बसले.

त्यांना सगळे भाऊ म्हणत. नेरला बाजारामागे त्यांचं बिछायत केंद्र होतं. मांडव, खुर्च्या, गाद्या, पंखे, भोंगे, भांडी, म्हणजे लग्नाला, सभेला आणि तेरवीला जे जे लागतं ते सगळं तिथे मिळायचं. मी तिथल्याच शाळेत मराठी शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या कार्यक्रमांत माइक धरायचे. माझं निम्मं आयुष्य वर्गात गेलं आणि निम्मं भाऊंच्या मांडवात. दोन्हीकडे मला मागच्या रांगेनेच छळलं.

भाऊ स्वतः कधी खुर्चीवर बसत नसत. कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची उलटी करून पाय तपासत. माझ्या भाचीच्या साखरपुड्याला त्यांनी मुलाच्या वडिलांना सोफ्यावरून उठवलं, सोफा आडवा केला, मागचा एक पाय ठोकून बसवला आणि "आता बसा बिनधास्त" म्हणून निघून गेले. ते गृहस्थ पुढचा सगळा वेळ उभेच होते. एका तेरवीला भाऊंनी गेलेल्याच्या मुलाला मिठी मारली. स्वतःचे डोळे खरंच भरून आले होते, आणि त्याच्या खांद्यावरून ते आपल्या माणसांना ओरडले, "अरे, डावा खांब वाकडा हाय!"

लग्नात जोडप्याला त्यांचा एकच आशीर्वाद असायचा. "गाठ अशी मारा का वादळ-वावधन आलं तरी सुटू नये, आन् सकाळी लेकरानं वढली तरी सुटली पाह्यजे." हा मांडवाच्या दोरीचा नियम होता, संसाराशी त्याचा काय संबंध ते त्यांनाच ठाऊक. दारव्ह्याकडच्या एका वरमाईने दुसरा अर्धा भाग ऐकून असा काही आवाज चढवला, की त्या दिवशी भोंग्याची गरज पडली नाही.

त्यांचा धंद्याचा धर्म एका लाल डायरीत होता. डायरीत तारीख लिहिली म्हणजे ती तारीख त्या माणसाची झाली. मागून कुणी मोठा माणूस आला, फोन आले, गाड्या आल्या, तरी भाऊ डायरी उघडून दाखवत आणि म्हणत, "साहेब, मी काय करू? लिहून गेलं ना!" जणू ते दुसऱ्याच कुणी लिहिलं होतं.

आणि हजारो माइकांशी खेळलेला हा माणूस माइकवर कधी बोलला नाही. "हॅलो, हॅलो, माइक चेक, एक दोन तीन," एवढंच त्यांचं वक्तृत्व.

भाऊंचा उजवा हात म्हणजे चाचा. भाऊंना पहिली गाठ मारायला शिकवली ती चाचांनी. वयाने बापाएवढे, अंगाने काडी, आणि खांबावर चढले की खालच्या माणसाला मान दुखेपर्यंत वर बघावं लागे. चाचांचं गाव बोरी अरबच्या पुढे, नदीच्या पल्याड. नदी तशी साधी, उन्हाळ्यात बकऱ्या ओलांडतील अशी. पण आषाढ लागला की ती गावाला धरून बसायची. चाचा दुकानात यायचे ते पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन. पावसाळाभर दुकानाच्या पायरीवर त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे असत.

त्या नदीवर पूल होणार होता. होणार होता, हे मी स्वतः माइकवरून चार वेळा जाहीर केलं आहे. चार वेळा भूमिपूजन झालं, चारही वेळा मांडव भाऊंचा, निवेदन माझं. प्रत्येक वेळी नवे साहेब, नवा नारळ, नवी कोनशिला. चारही कोनशिला काठावर एका रांगेत उभ्या होत्या. पहिलीवर बायका गोधड्या वाळत घालत, दुसरीला कुणाची तरी म्हैस बांधलेली असे, आणि उरलेल्या दोन क्रिकेटचे स्टंप म्हणून कामी येत.

तिसऱ्या आणि चौथ्या भूमिपूजनाच्या मधे चाचांच्या लेकीचं, रुखसानाचं लग्न निघालं. ईदनंतरची तारीख, ऐन पावसाळ्यातली. नवरदेव पांढरकवड्याचा, हायवेवर ट्रकची इंजिनं खोलणारा लाजरा मेकॅनिक. भाऊंनी आदल्या दिवशी पल्याड मांडव टाकून दिला, भोंगे बांधून दिले आणि उरलेलं सामान आणायला अल्याड आले. सकाळी उठून बघतात तर नदीला दोन्ही काठ भरून पाणी. वऱ्हाड, नवरदेव आणि काजीसाहेब या काठावर. नवरी, मांडव आणि पुलाव त्या काठावर. मी भाऊंच्या टेम्पोत होते, कारण रुखसाना माझी विद्यार्थिनी.

वऱ्हाड परत फिरायला निघालं. नवरदेवाचा चेहरा बघवत नव्हता. भाऊ टेम्पोच्या टपावर चढले आणि भोंगे नदीकडे वळवायला लागले. फोनवर त्यांनी चाचांना सांगितलं, "चाचा, तुमच्याकडचे भोंगे इकडं फिरवा. तारीख लिहून गेली हाय."

काजीसाहेब विचारात पडले. "मुलगी तिकडे, मी इकडे. हो म्हणाली ते मला कळणार कसं?"

पल्याडून चाचांचा आवाज घुमला, "काजीसाब, लडकी का वकील बाजू में खड़ा है, दोन गवाह खडे हाय, पूरा गाव खडा हाय! तुम्ही फक्त ऐका!"

काजीसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला आणि मान डोलावली. भाऊंनी "हॅलो, हॅलो, एक दोन तीन" केलं. पाण्याच्या घोंगाटावरून तिकडूनही "एक दोन तीन" आलं, आणि निकाह सुरू झाला. भाऊ धावत वऱ्हाडाच्या पार मागे गेले, शेवटच्या माणसापाशी उभे राहिले. विचारणा झाली. भोंग्यातून काहीतरी चिवचिवलं. भाऊंचा हात खालीच. "मागं आवाज नाई आला!" ते ओरडले. "पुन्हा म्हणा!" दुसऱ्यांदाही हात खालीच. तिसऱ्या वेळी रुखसाना अशी काही ओरडली, की काठावरच्या झाडांतले बगळे उडाले. "कुबूल है म्हटलं ना, सर!" बिचारी घाबरून काजीसाहेबांशी वर्गात उत्तर देतात तशी बोलली. भाऊंचा हात वर गेला आणि दोन्ही काठांवर एकच कल्ला झाला.

पाणी सहा दिवस उतरलं नाही. नवरदेव परत गेलाच नाही. बोरीला एका नातेवाइकाकडे राहिला आणि रोज सकाळी काठावर येऊन भाऊंच्या माइकवर बायकोला विचारायचा, "जेवली का?" दोन्ही काठांवरचे लोक कामं टाकून ऐकायला बसत. चौथ्या दिवशी पल्याडच्या एका म्हातारीने माइक हिसकला आणि म्हणाली, "जेवली रे बाप्पा! तू आता कामाले जाय, नाई तं इकडं पोहत ये!"

सगळं आटोपल्यावर, हसून हसून पोट दुखल्यावर, चाचा काठावर उकिडवे बसले. मी शेजारीच होते. ते भाऊंना म्हणाले, "भाऊ, लई मजा आली. पण मले मरायच्या आधी एकदा पाय न भिजवता घरी जायचं हाय." भाऊंनी डायरी काढली आणि काहीतरी लिहिलं. तारीख नव्हती, नुसतंच 'चाचा, पूल' असं लिहिलं होतं. मी ते पुढे पाहिलं.

मग चौथं भूमिपूजन आलं. चाचा खांबासाठी खड्डा करायला गेले, पहार मारली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. "भाऊ, खड्डा तयारच हाय!" चाचा हसत सुटले. "मागच्या भूमिपूजनाचा. एक नाई, सगळेच्या सगळे तयार हायेत!" मजूर हसले, मी हसले. भाऊ मात्र त्या खड्ड्याकडे बघत राहिले. मांडव नेहमीसारखा नेटका उभा केला, शेवटच्या रांगेमागून हात वर केला, सामान गोळा केलं आणि मला म्हणाले, "बाई, मी फारम भरून राह्यलो."

"कसला?"

"खासदारकीचा. पाचव्यांदा तेच खड्डे मी नाई वापरणार. आता डायरेक्ट उद्घाटनाचाच मांडव टाकीन."

भाऊ अपक्ष उभे राहिले. निशाणी मिळाली टेबल. भाऊ खूश. "टेबल तं आपल्याकडे चारशे हायेत." लगीनसराई होती, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक दुसऱ्या लग्नात भाऊंचीच टेबलं. निवडणूक कचेरीतल्या एका उत्साही साहेबांना हा प्रचार वाटला. त्यांची माणसं लग्नालग्नांत जाऊन पंगतीतली टेबलं कापडाने झाकायला लागली. जेवणारे विचारत, "काहून झाकून राह्यले?" ती माणसं सांगत, "ही निशाणी हाय." "कोणाची?" "भाऊंची." असं त्यांनी घरोघरी सांगितलं. भाऊंना स्वतः एवढं फिरणं कधीच जमलं नसतं.

प्रचारातली भाऊंची सभा हा एक बघण्यासारखा प्रकार होता. दोन्ही मोठ्या उमेदवारांच्या सभांचे मांडव भाऊंच्याच डायरीत आधीपासून लिहिलेले. त्यामुळे चांगलं कापड, नवे पंखे, गुबगुबीत खुर्च्या सगळ्या त्यांच्याकडे. भाऊंच्या सभेला उरलेलं, ठिगळाचं. मी बोलायचे, कारण भाऊ बोलत नसत. मी चार भूमिपूजनांच्या गोष्टी सांगायचे, भाऊ मागून हात वर करायचे, आणि सभा संपली की उमेदवार स्वतः सतरंज्या गुंडाळायचे. लोक निघता निघता दुसरं टोक धरायचे. मतं तिथेच पडली, असं माझं मत आहे.

निकालानंतर पेपरवाल्यांनी खुर्चीवरचे विनोद इतके झिजवले की भाऊंनी पेपर घेणंच बंद केलं.

मी नुकतीच निवृत्त झाले होते. त्यांनी मला पत्रं लिहायला दिल्लीला नेलं. संसदेत पहिल्यांदा बोलायची संधी मिळाली तेव्हा मी दोन दिवस खपून भाषण लिहून दिलं. सुरुवातीला संस्कृत सुभाषितही घातलं होतं. मी वर प्रेक्षकांत बसले. भाऊंचं नाव पुकारलं गेलं. भाऊ उठले, माइकवर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाले, "हॅलो. हॅलो. पीछे तक आवाज आ रही क्या?"

सभागृह हसलं. भाऊ थांबून राहिले. माझे कान तापले. शेवटी पार मागच्या बाकावरच्या कुठल्याशा प्रांताच्या एका वयस्क सदस्याने हसत हात वर केला. भाऊ म्हणाले, "धन्यवाद. अब बोलता. हमारे यहाँ एक पूल का चार बार भूमिपूजन हुआ. चारों बार मंडप मेरा था. मंडप चारों बार बराबर खड़ा हुआ. पूल एक बार भी नहीं." आणि खाली बसले. माझं भाषण त्यांच्या खिशात घडी न मोडता राहिलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र अनोळखी खासदार येऊन विचारायला लागले, "वो पुल का क्या हुआ?" तेव्हा मीही निमूटपणे पुढची पत्रं लिहायला घेतली.

दिल्लीत भाऊ कुठल्याही कार्यालयात वेळेआधी जात आणि वाट बघता बघता बाहेरच्या खुर्च्या सरळ रांगेत लावत. एका मोठ्या अधिकाऱ्याने त्यांना बघून सांगितलं, "वो टेबल ज़रा खिड़की के पास कर दो." भाऊंनी टेबल केलं, पायाखाली कागदाची घडी घालून डुगडुग काढली, मग खिशातून चार कोनशिलांचा फोटो काढून त्याच टेबलावर ठेवला. "मैं सांसद हूँ. ये चार पत्थर हैं. पाँचवाँ रखने को जगा नहीं." साहेबांना घाम फुटला. त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. भाऊंनी ती उलटी करून पाहिली. पुलाचा रस्ता केंद्राच्या योजनेत बसला आणि पुढच्या हिवाळ्यात नदीत खरोखरची यंत्रं उतरली. भूमिपूजन भाऊंनी करू दिलं नाही. "झालं हाय ते," एवढंच म्हणाले.

पाच वर्षं संपली तेव्हा खांब उभे होते, वरचा भाग बाकी होता. निवडणूक पुन्हा लगीनसराईत आली. लोकांनी हात जोडून सांगितलं, या वेळी तरी तारखा सोडा, दुसऱ्या बिछायतवाल्याला द्या, प्रचार करा. मीही भांडले. "भाऊ, पडलात तर पूल अडकेल. चाचांचं वय बघा." भाऊंचा चेहरा पडला. त्यांनी डायरी उघडली, बराच वेळ पाहिली, आणि मिटली. "बाई, लोकाईच्या पोरीईची लग्नं हायेत. लिहून गेलं ना." प्रचाराच्या शेवटच्या दिवशी खासदार बोरीला एका मांडवाच्या खांबावर चढून गाठी मारत होते. पडले. निवडणुकीत, खांबावरून नव्हे.

मला त्यांचा इतका राग आला होता की मी पाऊस लागेपर्यंत दुकानावरून गेले नाही. शेवटी गेले तेव्हा ते विजयी उमेदवाराच्या सत्काराचं कापड घड्या घालून ठेवत होते. "चांगलं कापड त्याईलेच द्या लागते," ते म्हणाले, "सभा मोठी हाय." चाचा पायरीवर बसून पायजम्याचं पाणी पिळत होते. मला दोघांकडेही बघवेना.

पण काम थांबलं नाही. भाऊ दर आठवड्याला काठावर जायचे, मजुरांना चहा पाजायचे, खांब मोजायचे, जणू एखादा रात्रीतून कुणी उचलून नेईल. दीड वर्षाने पूल झाला. उद्घाटन नव्या खासदारांच्या हस्ते. पत्रिकेत भाऊंचं नाव नव्हतं. डायरीत मात्र तारीख होती, मांडव भाऊंचाच, आणि निवेदनाला मी.

मांडव पल्याडच्या मोकळ्या जागेत टाकायचा होता. बाकीचं सामान आदल्या दिवशी नदीच्या पात्रातून गेलं. खुर्च्या राहिल्या होत्या. सकाळी सातला आम्ही टेम्पो घेऊन पुलाशी आलो, तर कंत्राटदाराचा पहारेकरी आडवा. "साहेबांच्या आधी कोणालेच जायचं नाई."

"मग साहेब बसतीन कायच्यावर?" भाऊंनी विचारलं.

पहारेकऱ्याने फोन लावला. तिकडून इंजिनियर इतका ओरडला की आम्हालाही ऐकू आलं. मांडववाल्याला कुणी अडवतं का, म्हणे. बांबू वर झाला. ड्रायव्हरने गिअर टाकला तसा भाऊंनी त्याचा हात धरला. "थांब. चाचा, उतरा. तुमी पुढं, आमी मागून."

चाचा उतरले. सवयीने त्यांनी पायजमा दुमडायला सुरुवात केली, चपला काढून हातात घेतल्या, मग थांबले. आमच्याकडे पाहिलं. चपला खाली ठेवल्या, पायांत घातल्या, पायजमा नीट खाली सोडला, आणि चालायला लागले. त्यांच्या मागे चालीच्या वेगाने खुर्च्यांनी भरलेला टेम्पो, टेम्पोत मी, आणि टेम्पोच्या मागे भाऊ. मधे पोचल्यावर चाचांनी कठड्यावरून खाली नदी बघितली आणि तिला हात केला. पल्याड रुखसाना दोन लेकरं घेऊन उभी होती. चाचांनी एक पाय वर करून तिला तळवा दाखवला. "कोरडा हाय!" ते ओरडले. मी टेम्पोत बसून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

अकराला फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, मान्यवर बसले. मी माइकसमोर उभी राहिले. हातातल्या कार्डावर आयोजकांनी लिहून दिलं होतं, की या पुलावर पहिलं पाऊल ठेवण्याचा मान आज माननीय खासदारांना मिळाला आहे. तीस वर्षांच्या निवेदनात मी कार्डाबाहेर एक शब्द बोलले नव्हते. मी कार्ड पालथं केलं. "या पुलावर पहिलं पाऊल आज सकाळी सात वाजता याच गावच्या चाचांनी ठेवलं," मी म्हटलं, "आणि ते पाय न भिजवता घरी आले."

व्यासपीठावर चुळबुळ झाली. आयोजक माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले. मी मागे पाहिलं. भाऊ कनातीला पाठ लावून उभे होते, कानावर पेन्सिल. हात खालीच.

भोंगे ठणठणीत होते. माझा आवाज नदीवरून परत येऊन मलाच ऐकू येत होता. पण नियम म्हणजे नियम. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा जोरात. भाऊंनी कानामागे तळवा धरला, काहीच ऐकू न आल्यासारखं तोंड केलं. शेजारी खुर्चीवर बसलेले चाचा हसून हसून दुमडले होते.

तिसऱ्या वेळी मी तोंड उघडलं, तर सगळं गाव माझ्यासोबत म्हणायला लागलं. रुखसानाचा आवाज सगळ्यांत वर होता. नवे खासदारही हसून टाळ्या वाजवायला लागले.

तेव्हा कुठे भाऊंचा हात वर गेला.